सिडकोच्या प्लॉटवरचा फ्लॅट: पट्ट्याची मुदत वाढवायची तर सुरुवात कुठून करायची

वाशी-नेरुळमधला जुना फ्लॅट विक्रीला काढला की दर, मजला, पार्किंग असं सगळं बोलून होतं. मग खरेदीदाराची बँक एकच प्रश्न विचारते: पट्ट्याची किती वर्षं उरली? पट्टा म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने प्लॉट ठरावीक वर्षांसाठी भाड्याने दिल्याचा करार. १९८४ चा ६० वर्षांचा पट्टा २०४४ मध्ये संपतो. २०२६ मध्ये हातात राहतात १८ वर्षं. बँकेला कर्जाची मुदत संपल्यावरही पट्टा काही वर्षं शिल्लक हवा असतो, त्यामुळे २० वर्षांचं गृहकर्ज इथे बसत नाही. खरेदीदार रोखीवाला शोधावा लागतो आणि रोखीवाला भाव पाडून मागतो.

मुदतवाढीसाठी धावपळ सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फ्लॅट तुमचा असला तरी पट्टा प्लॉटचा असतो. एकट्या फ्लॅटधारकाने सिडको भवनात खेटे घालून सोसायटीच्या प्लॉटचा पट्टा वाढत नाही. अर्ज करायचा पट्टेदाराने, आणि सिडकोच्या दफ्तरी तो पट्टेदार अजूनही बिल्डरच असेल तर सोसायटीने केलेला अर्जसुद्धा पुढे सरकत नाही. बरीच प्रकरणं अडकतात ती इथे. शुल्काचा प्रश्न त्यानंतरचा.

पट्टा नेमका काय आहे

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नवी मुंबईसाठी संपादित झालेली जमीन सिडकोने विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. रीत दोन टप्प्यांची आहे. आधी ‘अ‍ॅग्रीमेंट टू लीज’ होतं. त्याने प्लॉटवर बांधकाम करण्याची परवानगी मिळते, पट्टा मिळत नाही. इमारत पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र आलं की ‘लीज डीड’ होतं. ६० वर्षं मात्र सहसा लीज डीडपासून मोजत नाहीत, अ‍ॅग्रीमेंट टू लीजच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे अ‍ॅग्रीमेंट १९८६ चं आणि लीज डीड १९९५ चं असेल, तर मुदत २०४६ ला संपते, २०५५ ला नाही. या नऊ वर्षांच्या फरकावर सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. वाद घालण्यापेक्षा दस्तातलं मुदतीचं कलम उघडून वाचावं.

मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी दार ठोठावतं असं नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ प्रमाणे मुदत सरली की पट्टा संपतो, आणि त्यानंतर तुम्ही राहता ते जमीनमालकाच्या संमतीवर. अशा जागेवर ना कर्ज मिळतं, ना पुनर्विकास होतो.

दस्त वाचताना आणखी एक कलम शोधा: नूतनीकरणाची तरतूद आहे का, आणि असल्यास मुदत संपण्यापूर्वी किती काळ आधी लेखी कळवायचं आहे. नूतनीकरण आणि मुदतवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नूतनीकरणात जुना पट्टा संपून नवा सुरू होतो, नव्या अटींसह. मुदतवाढीत चालू पट्ट्यालाच पुरवणी जोडतात.

९९ वर्षांचं काय

डिसेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिडकोचे पट्टे एकरकमी शुल्क घेऊन ९९ वर्षांचे करायला मान्यता दिली. फ्रीहोल्डची, म्हणजे जमीन पूर्ण मालकीची करून देण्याची, चर्चा तेव्हापासून सुरू आहे आणि निवडणुका आल्या की तिला जोर चढतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या बातमीवर सभासदांकडून पैसे गोळा करू नका. सोसायटीच्या नावाने, प्लॉट क्रमांकासह मागणीपत्र येईल तेव्हाच आकडा खरा. शुल्क कोणत्या परिपत्रकाप्रमाणे काढलं, ते परिपत्रक मागणीपत्रासोबत मागून घ्या.

मसुदा हातात आला की एक ओळ बोट ठेवून वाचा: ९९ वर्षं ‘एकूण’ की ‘आणखी’? मूळ तारखेपासून एकूण ९९ म्हणजे १९८४ चा पट्टा २०८३ ला संपेल आणि प्रत्यक्षात तुम्ही ३९ वर्षं विकत घेताय. शुल्क जास्त की कमी, हे त्या ३९ वर आणि फ्लॅटच्या बाजारभावावर ठरवायचं, ९९ वर नाही.

आधी कागद गोळा करा

फाइलमध्ये हे हवं: वाटपपत्र, अ‍ॅग्रीमेंट टू लीज, झालं असल्यास लीज डीड, प्लॉटचा नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी आणि प्रत्येक फ्लॅटचा बिल्डरबरोबरचा पहिला नोंदणीकृत करार.

सोसायटीच्या कपाटात झेरॉक्सची झेरॉक्स असते आणि तिच्यावरचा शिक्का वाचता येत नाही. दस्त क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं. दस्ताच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चौकोनी शिक्का असतो. वाशी-नेरुळकडच्या दस्तांवर ‘टनन’ आणि कार्यालयाचा क्रमांक, पनवेलकडच्या दस्तांवर ‘पवल’, त्याखाली दस्त क्रमांक, साल आणि पान क्रमांक. हे आकडे घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. अलीकडच्या दस्तांचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सापडतो. जुन्यांसाठी कार्यालयातली पुस्तकंच चाळावी लागतात आणि तिथे साल माहीत नसेल तर दिवस जातो.

बिल्डर कागद देत नसेल तर माहिती अधिकारात सिडकोकडेच मागा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. ‘आमच्या सोसायटीची माहिती द्यावी’ असा अर्ज करू नका. ‘सेक्टर अमुक, प्लॉट क्रमांक तमुक, या प्लॉटच्या फाइलमधील अ‍ॅग्रीमेंट टू लीज, लीज डीड, हस्तांतरणाच्या परवानग्या आणि थकबाकीचा तक्ता यांच्या प्रमाणित प्रती’ असं नेमकं लिहा. फाइलची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते, ती जरूर मागा. फाइलमधल्या टिप्पण्या वाचल्या की घोडं कुठे अडलंय ते कळतं.

सातबारा शोधण्यात वेळ घालवू नका. सिडकोच्या नोडमध्ये (वसवलेल्या उपनगरात) व्यवहार सेक्टर आणि प्लॉट क्रमांकावर चालतो, सातबारा मूळ गावाच्या सर्व्हे क्रमांकाने निघतो, आणि दोघांचा मेळ घालायला नकाशाच लागतो.

तुमचा प्लॉट कोणत्या जातीचा

सिडकोने स्वतः बांधलेली घरं असतील तर दोन शक्यता. काही ठिकाणी सोसायटी आहे. काही ठिकाणी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली असोसिएशन आहे आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आहे. असोसिएशनमध्ये जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्केवारीने प्रत्येक मालकाच्या दस्तात लिहिलेला असतो, म्हणून तिथे एकट्या कमिटीच्या सहीने भागत नाही. सुरुवातीलाच ही नोंद तपासा.

निविदेने बिल्डरने घेतलेला प्लॉट असेल तर साखळी सरळ असते: सिडको, बिल्डर, सोसायटी.

साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात दिलेल्या, प्लॉटची साखळी लांबते. प्लॉट मूळ प्रकल्पग्रस्त शेतकऱ्याला मिळालेला, त्याने बिल्डरला दिलेला, आणि मध्ये सिडको, मूळ वाटपदार व नवा धारक असा त्रिपक्षीय करार झालेला. घणसोली, कोपरखैरणे, खारघर, कामोठे, उलवे इथे असे प्लॉट भरपूर आहेत. त्रिपक्षीय करार झालाच नसेल, फक्त कुलमुखत्यारपत्रावर इमारत उभी असेल, तर सिडकोच्या दफ्तरी आजही पट्टेदार म्हणून त्या शेतकऱ्याचं, किंवा त्याच्या पश्चात पाच-सात वारसांचं नाव असतं. मुखत्यारपत्र देणारा वारला की बहुतेक प्रकरणांत ते मुखत्यारपत्रही संपतं. आधी वारस, मग त्रिपक्षीय करार, मग लीज डीड, हाच क्रम. तो उलटा करता येत नाही.

पट्टा सोसायटीच्या नावावर आणणे

बिल्डर सहकार्य करतो तिथे ‘डीड ऑफ असाइनमेंट’ होतं: बिल्डर आपला पट्ट्याचा हक्क सोसायटीला देतो. त्याआधी सिडकोची पूर्वपरवानगी लागते, कारण मूळ दस्तातच तशी अट असते. परवानगीशिवाय नोंदवलेला दस्त निबंधकाकडे चालून जातो, पण सिडको त्याची दखल घेत नाही आणि वर अटीभंगाची नोंद होते.

बिल्डर गायब किंवा मुजोर असेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होणारं हस्तांतरण. मोफा (फ्लॅट खरेदीदारांच्या हक्कांचा राज्याचा कायदा), १९६३ च्या कलम ११ खाली सहकार खात्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे नमुना सात मध्ये अर्ज, २००० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित. प्लॉट पट्ट्याचा असल्यामुळे इथे मालकी मिळत नाही, पट्ट्याचा हक्क एकतर्फी सोसायटीकडे येतो. अर्जात जमिनीची मालकी नाही, पट्ट्याचे हक्क मागा. ‘कन्व्हेयन्स’चा तयार मसुदा उतरवून काढलेले अर्ज या एका शब्दावर अडतात.

बिल्डरबरोबर सिडकोलाही प्रतिवादी करा. न केल्यास आदेश मिळेल, दस्त नोंदेल, आणि सिडकोचा वसाहत विभाग म्हणेल की आम्हाला ऐकलंच नाही. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमध्ये मूळ वाटपदारही प्रतिवादी हवा. पत्ता मिळत नसेल तर वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीची तजवीज आधीच ठेवा.

या टप्प्यावर फ्लॅटनिहाय तक्ता लागतो: फ्लॅट क्रमांक, पहिला खरेदीदार, कराराची तारीख, दस्त क्रमांक, भरलेलं मुद्रांक शुल्क. मुद्रांक कार्यालय हाच तक्ता तपासतं. एखाद्या फ्लॅटच्या पहिल्या करारावर शुल्क कमी भरलेलं असेल तर ती वसुली आत्ता निघते, दरमहा २ टक्के दंडासह, आणि दंडाची कमाल मर्यादा मूळ कमतरतेच्या चौपट. जुन्या इमारतींत १० डिसेंबर १९८५ ही तारीख लक्षात ठेवा. ताबा देणाऱ्या करारावर खरेदीखतासारखं शुल्क त्या दिवसापासून लागू झालं. त्याआधीचे साध्या मुद्रांकावरचे करार वेगळ्या फाइलमध्ये लावा, म्हणजे सरसकट दंडाची नोटीस येणार नाही. दंड ज्याच्या फ्लॅटचा त्याने भरायचा, सोसायटीच्या निधीतून नव्हे. हे सभेत आधीच ठरवून घ्या.

थकबाकी आणि अटीभंग

अर्ज टेबलावर गेला की थकबाकी बघितली जाते. भुईभाडं नाममात्र असतं, म्हणूनच वीस-वीस वर्षं कोणी भरलेलं नसतं. ते व्याजासह भरून टाका आणि पावत्या जपा. मोठी रक्कम निघते ती अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्याची: ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण झालं नाही तर सिडको ते लावते. ही चूक बिल्डरची असते आणि मागणी सोसायटीकडे येते. मागणी आली तर मूळ मुदत, घेतलेली मुदतवाढ आणि भोगवटा प्रमाणपत्राची तारीख तीन स्तंभांत मांडून हिशोब तपासा. तारखा जुळत नसतील तर पैसे भरण्याआधीच लेखी हरकत घ्या.

अटीभंगात सगळ्यात सामान्य म्हणजे वाढीव बांधकाम. बैठ्या घरांवर चढवलेले मजले, बाल्कन्या आत घेणं, तळमजल्यावरच्या निवासी गाळ्यात दवाखाना किंवा किराणा दुकान. एकाच्या दुकानासाठी तीस घरांचा अर्ज थांबतो. स्थळपाहणी होण्याआधी कमिटीने मंजूर नकाशा हातात घेऊन इमारत स्वतः फिरून बघावी. जे नियमित होऊ शकतं त्यासाठी त्या भागात बांधकाम परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे जायचं, महापालिका किंवा सिडको, हद्दीप्रमाणे.

सभा, ठराव आणि पैसे

विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी हवी. नोटिशीत विषय मोघम ठेवू नका. ‘पट्ट्याबाबत चर्चा’ या विषयाखाली खर्च मंजूर करता येत नाही. ठरावात चार गोष्टी नावानिशी याव्यात: मुदतवाढीचा अर्ज करण्यास मान्यता, खर्चाची कमाल मर्यादा, वर्गणीची पद्धत, आणि दस्तावर सही करणाऱ्या अध्यक्ष, सचिव व एका समिती सदस्याची नावं. दरम्यान कमिटी बदलली तर नवा ठराव करा. जुन्या सचिवाच्या नावाचा ठराव आणि नव्या सचिवाची सही, एवढ्यावरून दस्त परत आलेला आहे का असं कोणत्याही वकिलाला विचारा, तो मान डोलावेल.

वर्गणीवर खरी वादावादी होते. आदर्श उपविधींत भुईभाडं फ्लॅटच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचं आहे. मुदतवाढीच्या शुल्कालाही तीच पद्धत लावणं रास्त, कारण पट्ट्याचा फायदाही क्षेत्रफळाप्रमाणेच होतो. समजा एकूण खर्च २४ लाख, २० फ्लॅट ५०० चौरस फुटांचे आणि १० फ्लॅट ७०० चौरस फुटांचे. एकूण १७,००० चौरस फूट. लहान फ्लॅटला साधारण ७०,५८८ रुपये, मोठ्याला ९८,८२४. समान वाटलं तर प्रत्येकाला ८०,०००, आणि लहान फ्लॅटवाल्या वीस जणांपैकी कोणीतरी सहकार निबंधकाकडे जाणारच.

मयत सभासदांचे भागदाखले याच वेळी मार्गी लावा. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. वारसाहक्क सिद्ध होईपर्यंत तिला तात्पुरतं सभासदत्व मिळतं.

अर्ज ते मागणीपत्र

अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, सिडकोच्या वसाहत विभागाच्या नावाने, सीबीडी बेलापूरला. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट असेल तर फाइल कोणत्या टेबलाला आहे ते आधी विचारून घ्या. सोबत ठराव, वरचे सगळे दस्त, थकबाकी नसल्याचा दाखला आणि स्वाक्षऱ्यांचे नमुने. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली स्थळप्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

त्रुटीपत्र येतं, त्याचा राग धरू नका. पण त्रुटी एकदाच पूर्ण सांगाव्यात, अशी लेखी विनंती करा आणि उत्तर देताना प्रत्येक त्रुटीला तिच्याच क्रमांकाने उत्तर द्या.

मागणीपत्रात तीन आकडे पडताळा: प्लॉटचं क्षेत्रफळ, वापर आणि दर. मूळ दस्तातलं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणीतलं क्षेत्रफळ वेगळं असेल तर शुल्कही बदलतं. तळमजल्यावर दुकानं असलेल्या इमारतीत सगळ्या प्लॉटला व्यापारी दर लागलाय का तेही बघा. पैसे भरण्याची मुदत पाळा. ती टळली की व्याज लागतं किंवा मागणीपत्र नव्याने निघतं, नव्या दराने.

मुद्रांक आणि नोंदणी

२९ वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्यावर मुद्रांक शुल्क बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर आकारतात. पुरवणी दस्तावर नेमकं किती लागेल ते एजंटच्या तोंडी अंदाजावर सोडू नका. सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी टाका. लेखी आकडा येतो आणि पुढे कोणी कमी शुल्काचा मुद्दा काढू शकत नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

चलन भरताना सोसायटीचं नाव नोंदणी प्रमाणपत्रात आहे तसंच टाका. ‘को-ऑप. हौ. सो. लि.’ आणि पूर्ण लिहिलेलं नाव यांतल्या फरकामुळे चलन आणि पॅन जुळत नाहीत, आणि परतावा मिळवणं म्हणजे स्वतंत्र प्रकरण.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा. पुढचे चार महिने दंड भरून सादर करता येतो, दंड नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. त्यानंतर दार बंद. सिडकोच्या अधिकाऱ्याची सही एका तारखेला, सोसायटीची दुसऱ्या तारखेला असं होतं, तेव्हा पहिल्या सहीची तारीख धरूनच पळा.

ठाण्यात राहणाऱ्यांसाठी

ठाणे शहरात हा मार्ग नाही, कारण तिथली जमीन सिडकोची नाही. वर्तकनगरसारख्या म्हाडाच्या वसाहतीत दोन दस्त लागतात: जमिनीचं लीज डीड आणि इमारतीचं विक्रीखत. एकच झालेलं असेल तर काम अर्धं आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या शासकीय जमिनीवर सोसायटी असेल तर शासनाच्या रूपांतर नियमांनी भोगवटादार वर्ग १ मध्ये, म्हणजे जवळपास पूर्ण मालकीत, रूपांतर करता येतं. तिथे मुदतवाढीवर खर्च करण्याआधी रूपांतराचा हिशोब मांडून बघा. सिडकोच्या पट्ट्याला हे नियम लागत नाहीत.

मध्येच पुनर्विकास आला तर

बिल्डर येतो आणि ‘पट्ट्याचं आम्ही बघतो’ म्हणतो. बघू द्या, पण विकास करारात लिहून घ्या: मुदतवाढीचं शुल्क, थकबाकी आणि मुद्रांक कोण भरणार, आणि ते जुनी इमारत रिकामी करण्याआधी भरलं जाणार. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन-तृतीयांश गणपूर्ती आणि ५१ टक्के संमती लागते. त्याच सभेत पट्ट्याचा ठरावही वेगळ्या क्रमांकाने घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा सभा बोलवावी लागेल.

नोंदणी झाली की इंडेक्स टू ची प्रत आवक क्रमांकासह सिडकोला द्या आणि त्यांच्या नोंदवहीत नवी मुदत चढल्याचं पत्र मागून घ्या. बँका इंडेक्स टू बघतात, पण शंका आली की सिडकोचंच पत्र मागतात. मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये, सोसायटीच्या नावाने. सचिवाच्या घरच्या कपाटात नको.